गप्पीच्या माद्या एकमेकींचं बघून नर निवडतात का?

टाकीवाला_मिरज

मंडळी, डोकं चक्रावलंय, जरा मदत करा.

घरी तीन फुटी टाकी आहे. आजोळच्या विहिरीतून आणलेले गप्पी मासे तिच्यात बरीच वर्षं सुखानं नांदतायत. विहिरीतले म्हणजे दिसायला साधेच. माद्या राखाडी, नरांच्या अंगावर एखादा काळा ठिपका, एखादा नारिंगी शिंतोडा. मध्यंतरी हौस म्हणून दुकानातून रेड मोझाइक वाणाचा एक गप्पी नर आणला. लालभडक, शेपटी अंगापेक्षा मोठी. किंमत सांगत नाही, बायको हे वाचते.

वाटलं होतं, आता रंगीत पिल्लावळ होईल. झालं भलतंच. हा पठ्ठ्या दिवसभर माद्यांसमोर अंग वाकवून थरथरत नाचतो आणि माद्या त्याला वळसा घालून विहिरीतल्याच एका नराकडे जातात. तो नर म्हणजे शेपटी अर्धी कुरतडलेली आणि रंग म्हणावा तर कमरेवर एक पुसट नारिंगी डाग. टाकीतली सगळ्यात मोठी, जुनी मादी (आम्ही तिला आक्का म्हणतो) कायम त्याच्या आसपास असते. आक्का जिकडे, तिकडे बाकीच्या. लहान माद्या तर आधी लांबून बघत राहतात, आणि आक्का तिथून हलली की मग त्याच नराजवळ जातात.

दोन प्रश्न. मासे खरंच एकमेकींचं बघून नर निवडतात, की टाकीसमोर बसून बसून मला भास व्हायला लागलेत? आणि मला मोझाइकचीच पिल्लं हवी असतील तर काय करू?

चहा_कमी_साखर

यात नवल ते काय? एका घरानं होकार कळवला की त्याच मुलाला दहा ठिकाणांहून स्थळं येतात. आक्कांचा सत्कार करा, तुमच्या लाल साहेबांची शिफारस करायला सांगा आणि मोकळे व्हा.

मीनमेख

टाकीवाले, भास नाही. तुम्ही जे लिहिलंत त्यातलं ‘आक्का हलली की लहान माद्या त्याच नराजवळ जातात’ हे सगळ्यात मोलाचं आहे. त्यावर येतेच, पण आधी थोडं मागचं सांगते. (मी प्राणिशास्त्र शिकवते. एमएस्सीच्या प्रकल्पासाठी गप्पींसमोर स्टॉपवॉच घेऊन बसलेली आहे, त्यामुळे उत्तर लांबणार. चहा घेऊन बसा, साखर कितीही.)

ली ड्युगाटकिन नावाच्या अमेरिकी संशोधकाने १९९२ मध्ये नेमका हाच प्रश्न विचारला. गप्पी मूळचे त्रिनिदाद, व्हेनेझुएला भागातल्या ओढ्यांतले. प्रयोगाची मांडणी अगदी साधी होती. टाकीच्या दोन टोकांना काचेआड एकेक नर. मध्ये पारदर्शक नळकांड्यात जिची परीक्षा घ्यायची ती मादी. एका नराजवळ दुसरी एक मादी सोडली आणि मधलीला दहा मिनिटं हा देखावा बघू दिला. मग ती दुसरी मादी काढून घेतली आणि मधलीला मोकळं सोडलं. २० पैकी १७ वेळा ती त्याच नराकडे गेली, ज्याच्याजवळ तिने दुसरीला पाहिलं होतं.

यावर कोणीही म्हणेल, त्यात नराचा काय संबंध? मासे कळपाने राहतात, जिथे दुसरी मादी दिसली होती तिथे ही गेली असेल. म्हणून त्यांनी हीच मांडणी नर न ठेवताही करून पाहिली. नर नसताना माद्या दोन्ही टोकांना सारख्याच वाटल्या गेल्या. म्हणजे आकर्षण जागेचं नव्हतं, ‘कोणीतरी पसंत केलेल्या नराचं’ होतं. त्याच वर्षी ड्युगाटकिन आणि ज्याँ-गी गोदॅं यांनी एक पाऊल पुढे टाकलं. मादीला आधी दोघांतून एक निवडू दिला. मग तिने नाकारलेल्या नराशेजारी दुसरी मादी दाखवली आणि पुन्हा निवड करायला लावली. बऱ्याच माद्यांनी आपलं मत फिरवलं.

तुमच्या आक्काची गोष्ट १९९३ ची. याच दोघांनी वयाचा हिशेब घेतला. लहान माद्या मोठ्या माद्यांची निवड उचलतात, मोठ्या माद्या लहानांची उचलत नाहीत. कारणाचा अंदाज बांधता येतो. तरुण मादीला बरा नर कोणता हे अजून कळत नाही, शोधाशोध करण्यात वेळ जातो आणि तेवढ्यात एखादा मोठा मासा येऊन तिलाच गिळायचा. अनुभवी मादीच्या मागे जाणं तिला स्वस्त पडतं.

आता तुमच्या लाल साहेबांची अडचण. रानटी गप्पीच्या माद्यांना नारिंगी रंग आवडतो. हा रंग अन्नातून येतो, शेवाळातून वगैरे, म्हणजे ज्याला चांगलं खायला मिळतं तो जास्त नारिंगी. शिवाय त्रिनिदादच्या ओढ्यांवर झुकलेल्या काही झाडांची नारिंगी फळं पाण्यात पडतात आणि गप्पी त्यांच्यावर तुटून पडतात. नारिंगी दिसलं की जवळ जायचं, ही ओढ खाण्यापासूनच सुरू झाली असावी असंही काहींचं म्हणणं आहे आणि मला ते पटतं. तर १९९६ मध्ये ड्युगाटकिननी रंग आणि नक्कल यांची झुंज लावली. दोन नरांच्या नारिंगी रंगात १२ टक्के किंवा २५ टक्के फरक असेल, तर माद्या दुसरीचं बघून फिक्या नराकडेही गेल्या. फरक ४० टक्क्यांवर नेला, तेव्हा मात्र दुसरी कुठे उभी आहे हे न बघता भडक नराकडे गेल्या.

हे आकडे तुमच्या टाकीला लावले तर आक्काचं काही चालायला नको. मोझाइक नर आणि तो पुसट, यांच्यातला फरक ४० टक्क्यांच्या कुठल्या कुठे गेलेला. मग माद्या तिकडे का जात नाहीत?

मला तीन शक्यता दिसतात. एक, ते प्रयोग आखूड शेपटीच्या रानटी नरांवर झाले. तुमचा नर माणसाच्या डोळ्यांसाठी पैदा केलेला आहे. एवढी शेपटी ओढत त्याला मादीच्या पुढ्यात चटकन वळून नाचता येतं का, ते बघा. मादी रंग एकटा बघत नाही, त्याची हालचालही बघते. दोन, तुमच्या माद्यांच्या किती पिढ्या विहिरीत गेल्या कोण जाणे. त्रिनिदादमध्येही प्रत्येक ओढ्यातल्या माद्यांना नारिंगीचं वेड सारखं नसतं. तीन, आणि हीच मला सगळ्यात दाट वाटते: तुम्ही जे बघताय त्यातलं बरंचसं नवरा निवडणं नाहीच. माद्यांना माद्यांच्या सोबतीत राहायचंय, बस. ‘आक्का जिकडे तिकडे बाकीच्या’ यातून एवढंच कळतं की गप्पी कळपाने राहतात. पण ‘आक्का हलल्यावर त्या तिथे जातात’ हे वेगळं आहे. ते खरं असेल तर मामला रंगतदार आहे.

आणि हो, विज्ञानात सगळे ड्युगाटकिनच्या मागे रांगेत उभे राहिले असं समजू नका. १९९७ मध्ये दुसऱ्या एका गटाने नक्कल पुन्हा तपासली, त्यांना ती सापडली नाही. रॉब ब्रुक्स यांना १९९९ मध्ये उलटंच दिसलं: जिथे दुसरीशी प्रणयाराधन चाललेलं पाहिलं, त्या जागेपासून माद्या लांब राहिल्या. माझं मत विचाराल तर नक्कल खरी आहे, पण ती प्रत्येक ठिकाणच्या गप्पींत आणि प्रत्येक वेळी दिसेलच असं नाही.

चहा_कमी_साखर, तुमचा विनोद आवडला. पण स्थळांच्या बाबतीत आक्का मत देते आणि मुलगी ऐकते. इथे आक्का कोणाला काही सांगत नाही. ती आपलं काम करते, बघणारी बघते.

फायटर_कल्याण

मीनमेख ताई, भारी माहिती. मी फायटर मासे पैदा करतो, गप्पी नाही. आमच्यात माद्या एकमेकींचं बघतात की नाही ठाऊक नाही, पण नरांची मारामारी बघतात हे मी पैजेवर सांगतो.

माझ्याकडे शेल्फवर नरांच्या बरण्या ओळीने असतात, मध्ये पुठ्ठे. सकाळी थोडा वेळ पुठ्ठे काढतो, म्हणजे नर एकमेकांना बघून कल्ले फुगवतात, पर ताणतात, अंग मोकळं होतं. समोरच्या मोठ्या भांड्यात माद्या. जो नर दुसऱ्याला दबवतो त्याच्याकडे तोंड करून माद्या काचेला चिकटतात, अंगावर उभे पट्टे येतात. (नवख्यांसाठी: उभे पट्टे म्हणजे मादी तयार.) ज्याने शेपूट घातली त्याच्यासमोर तीच मादी ठेवली तर पट्टे यायला वेळ लागतो. पाण्यात वाळकी बदामाची पानं टाका, काही करा, जोडी जमत नाही. मी आता जोडी लावायच्या आधी त्या नराला हरताना मादीला दिसू देत नाही. धंद्यातला खाक्या आहे, शास्त्र नाही.

मीनमेख

शास्त्रही आहे. क्लेअर दुत्रलाँ आणि पीटर मॅकग्रेगर यांचा २००० सालचा प्रयोग हाच. फायटरच्या मादीला दोन नरांची लढत बघू दिली आणि नंतर दोघांकडे जायची मुभा दिली. लढत पाहिलेली मादी आधी विजेत्याकडे गेली आणि त्याच्याजवळ जास्त वेळ राहिली. जिला लढत दिसलीच नव्हती तिला यातला जिंकलेला कोण, हे नुसतं बघून ओळखता आलं नाही. फायटरचा नर बुडबुड्यांचं घरटं करतो, अंडी तोंडात धरून वर ठेवतो, राखण एकटा करतो. कमकुवत नर निवडला तर मादीची सगळी अंडी जातील. दुसऱ्यांच्या भांडणातून फुकटात मिळालेली माहिती ती कशाला सोडेल?

आता याची दुसरी बाजू बघा, मला ती जास्त आवडते. मादी बघतेय हे नरांनाही कळतं. त्याच मंडळींनी २००१ मध्ये दाखवलं की मादी प्रेक्षक असली तर फायटर नर चावे कमी घेतात आणि पर ताणणं, कल्ले फुगवणं, म्हणजे मादीलाही दाखवता येईल असं प्रदर्शन वाढवतात. तुम्ही पुठ्ठे काढता तेव्हा माद्यांचं भांडं समोर असतं की नाही, यावर तुमचे नर वेगळे वागत असतील. एकदा माद्यांपुढे पडदा लावून बघा.

हरलेल्या नराबद्दल तुम्ही लिहिलंत त्यावरून आठवलं. आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवरात सिक्लिड कुळातला एक मासा आहे, ॲस्टॅटोटिलापिया बर्टोनी. स्टॅनफर्डच्या रसेल फर्नाल्ड यांच्या प्रयोगशाळेत त्याच्यावर बरंच काम झालं. २०१० मध्ये त्यांनी अंड्यांवर आलेल्या माद्यांना आधी नर निवडू दिला, मग निवडलेल्या नराला जिंकताना किंवा हरताना दाखवलं, आणि त्यानंतर मेंदूच्या कुठल्या भागातली जनुकं जागी झाली ते तपासलं. आपला नर जिंकला तर प्रजननाशी जोडलेले भाग जागे. हरला तर ज्या भागाचा संबंध चिंतेशी लावतात तो जागा. मादीला नुसतं बघायला मिळालं होतं, स्पर्श नाही, वास नाही. तुमच्या मादीचे पट्टे उशिरा येतात त्यामागे असंच काही असू शकतं. फायटरवर हा प्रयोग झाल्याचं माझ्या वाचनात नाही, म्हणून ‘असू शकतं’.

नाल्यावरचा_माणूस

मी हिवताप विभागातून निवृत्त झालो. आमचं अर्धं आयुष्य गप्पी हौदातून बादलीत आणि बादलीतून विहिरीत, नाल्यात, बांधकामाच्या टाक्यांत टाकण्यात गेलं. डासांच्या अळ्या खातात म्हणून. रंग-बिंग आम्ही कधी बघितला नाही. पण दोन गोष्टी नेहमी दिसायच्या, त्या विचारतो.

एक म्हणजे ज्या विहिरीत दुसरा खाणारा मासा नाही तिथले नर जास्त चमकदार वाटायचे. डोकळा किंवा मरळ असली की गप्पी फिके. दुसरं, पैदाशीच्या हौदात नर जास्त झाले की माद्या अगदी कडेला, उथळ पाण्यात, पाइपाच्या तोंडाशी प्रवाहात जाऊन राहायच्या. खायला टाकलं तरी मध्ये यायच्या नाहीत. आमचा एक सहकारी म्हणायचा, माद्यांना शांतता हवी. तुमच्या शास्त्रात यावर काही आहे का?

मीनमेख

काका, तुमच्या सहकाऱ्याला माझा नमस्कार सांगा. दोन्ही गोष्टींवर आहे.

पहिली जॉन एंडलर यांची. त्यांनी १९८० मध्ये दाखवलं की धोकादायक शिकारी मासा नसलेल्या पाण्यात गप्पींच्या पिढ्या गेल्या की नर भडक होत जातात, शिकारी असला की फिके. एक प्रयोग हरितगृहातल्या तळ्यांत केला आणि एक प्रत्यक्ष त्रिनिदादच्या ओढ्यात, गप्पी एका जागेहून दुसरीकडे नेऊन. माद्या रंग मागतात, शिकारी रंग कापतो, या ओढाताणीत नराचा रंग ठरतो. विहिरीतली मरळ हे काम करत असेल तर आश्चर्य नाही. याला आणखी एक पदर आहे. शिकारी दिसला की गप्पींतले काही नर पळण्याऐवजी पुढे जाऊन त्याला न्याहाळून येतात. गोदॅं आणि ड्युगाटकिन यांनी १९९६ मध्ये माद्यांना नरांचा हा उद्योग बघू दिला. माद्यांनी धीट नर पसंत केला, मग तो भडक असो की फिका. तो धीटपणा बघायला मिळाला नाही, तेव्हा त्या रंगावर गेल्या. म्हणजे टाकीवाले, नुसता रंग हा तिच्यासाठी दुसऱ्या क्रमांकाचा पुरावा असू शकतो. तुमच्या त्या कुरतडलेल्या नराने शेपटी कशात गमावली, आणि ते कोणी कोणी पाहिलं, हे कळलं असतं तर बरं झालं असतं.

आता माद्यांच्या शांततेचं. गप्पीचा नर दोन प्रकारे वागतो. एक, समोर येऊन वाकून नाचतो, मग मादी राजी झाली तर झाली. दोन, मागून येऊन तिला न विचारता घुसतो. दुसरा प्रकार दिवसभर चालतो, मादीला धड खाऊ देत नाही. साफी डार्डन आणि डॅरेन क्रॉफ्ट यांनी २००८ मध्ये मांडलं की या त्रासापायी माद्या अशा भागात जातात जिथे नर यायला कचरतात, मग तिथे शिकाऱ्याचा धोका जास्त का असेना. तुमच्या हौदात शिकारी नव्हता, पण पाइपाजवळच्या प्रवाहात लांब शेपटीच्या नराला टिकणं अवघड, म्हणून माद्यांना ती जागा बरी वाटली असेल.

याच संदर्भात २०१२ चा एक निष्कर्ष मला अतिशय बेरकी वाटतो. नरांचा ओढा ज्या माद्यांकडे जास्त, म्हणजे जी त्या घटकेला मिलनाला तयार आहे तिच्याकडे, तिच्या शेजारी जाऊन तयार नसलेल्या माद्या उभ्या राहतात. नर तिच्या मागे लागतात, ह्या निवांत चरतात. सोबतीण निवडतानाही नराचा हिशेब! आणि नर काय कमी आहेत? पुढच्याच वर्षी इटलीत क्लेलिया गास्पारिनी, आंद्रेआ पिलास्त्रो आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की गप्पीचा नर अशा मादीच्या घोळक्याजवळ जाणं पसंत करतो जिच्याभोवतीचे बाकीचे नर त्याच्यापेक्षा फिके आहेत. आपण कोणाशेजारी उभे आहोत यावर आपली किंमत ठरते, हे अडीच सेंटिमीटरच्या जिवाला कळतं. टाकीवाले, या न्यायाने तुमच्या मोझाइकच्या शेजारी पुसट नर असणं त्याच्या फायद्याचं असायला हवं होतं. म्हणून मी परत म्हणते, तुमच्या टाकीत निवडीपेक्षा सोबतीचा भाग मोठा आहे.

मोलीचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. दुकानातली काळी मोली सगळ्यांना माहीत आहे. तिच्याच कुळात, टेक्सास आणि मेक्सिकोच्या पाण्यात, ॲमेझॉन मोली नावाची जात आहे. हिच्यात नर नाहीतच. फक्त माद्या. पण अंडं वाढीला लागावं म्हणून नराच्या शुक्राणूचा धक्का लागतो, आणि तो या माद्या शेजारच्या जातीच्या नराकडून घेतात, उदाहरणार्थ सेलफिन मोलीकडून. त्या नराचं एकही जनुक पिल्लात जात नाही. पिल्लं आईच्या हुबेहूब नकला. मग नर हा आतबट्ट्याचा व्यवहार का करतो? मूर्ख म्हणून? १९९४ मध्ये इंगो श्लुप, कॅथरीन मार्लर आणि मायकेल रायन यांनी उत्तर काढलं. सेलफिनची स्वजातीची मादी त्या नराला ॲमेझॉन मोलीबरोबर बघते आणि मग तिलाही तो आवडायला लागतो. परक्या जातीच्या मादीवर घालवलेला वेळ नराला असा परत मिळतो. श्लुप यांचा हा शोधनिबंध मी दरवर्षी वर्गात वाचून दाखवते आणि दरवर्षी मागच्या बाकावरून खसखस पिकते.

त्यावर कडी म्हणजे अटलांटिक मोलीचे नर. मार्टिन प्लाथ आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दाखवलं की दुसरा नर बघत असला की हे आधी आपल्याला न आवडलेल्या मादीकडे जातात. प्रतिस्पर्ध्याने नक्कल केलीच तर ती चुकीच्या मादीची व्हावी. म्हणजे नक्कल नरही करतात, आणि नक्कल होणार हे धरून फसवतातही.

टाकीवाला_मिरज

ताई, तुमचं वाचून शांत बसवेना. कसं तपासू ते सांगा. बरण्या भरपूर आहेत, बायको लोणची करते.

मीनमेख

लोणच्याची बरणी नीट धुवा, मिठाचा-तेलाचा अंश नको.

टाकीतले बाकीचे मासे बादलीत. दोन टोकांना काचेच्या दोन बरण्या, एकीत मोझाइक, एकीत पुसट. मोझाइकच्या बरणीला लागून तिसरी बरणी, तिच्यात आक्का. मध्ये चौथ्या बरणीत एक तरुण मादी. दहा मिनिटं बघू द्या. आक्काची बरणी उचला, मग तरुण मादीला हळूच मोकळं सोडा आणि ती कोणत्या बरणीजवळ किती वेळ राहते ते मोबाइलवर मोजा. मग बाजू बदलून पुन्हा. मग नर काढून रिकाम्या बरण्या ठेवून पुन्हा, आणि ही पायरी गाळायची नाही, नाहीतर सगळं वाया. दर वेळी वेगळी मादी घ्या. आणि तुम्ही टाकीपासून लांब बसा, पाळलेले गप्पी माणूस दिसला की खायला मिळणार म्हणून पुढे येतात.

टाकीवाला_मिरज

केलं! पहिली तरुण मादी आक्का जिथे होती त्या बाजूला, मोझाइकच्या बरणीजवळच घुटमळली. मी इकडे नाचतोय. बाजू बदलून दुसरी सोडली, तर ती थेट टाकीच्या डाव्या कोपऱ्यात जाऊन बसली, नरांकडे ढुंकून नाही. तिसरीही तिथेच. मग लक्षात आलं, डावा कोपरा म्हणजे रोज खाणं टाकतो ती जागा. नर काढूनही तेच.

चहा_कमी_साखर

शेवटी पोटापुढे सगळं फोल.

मीनमेख

पहिल्या मादीच्या वेळी मोझाइकची बरणी डाव्या बाजूला होती ना? मग तिचंही काही सिद्ध झालं नाही. काही दिवस खाणं टाकीच्या मध्यावर टाका, सवय मोडेल, मग पुन्हा मांडा. चार-दोन माद्यांवरून निष्कर्ष काढायचा मोह मात्र आवरा. ड्युगाटकिननाही २० लागल्या होत्या आणि तरी लोकांनी त्यांच्याशी वाद घातलाच.

तुमचा दुसरा प्रश्न राहिला, तो खरं तर सोपा आहे. टाकीतल्या मोठ्या माद्यांवर मोझाइकची पिल्लं मिळण्याची वाट बघू नका. गप्पीची मादी शुक्राणू पोटात काही महिने साठवून ठेवते. आज तिने मोझाइकला होकार दिला तरी पुढची पिल्लं पुसटाची असू शकतात, आणि तुम्हाला बाप कोण ते कळणार नाही. त्यापेक्षा नवीन विणीतली पिल्लं वेगळी काढा. तीन-चार आठवड्यांची झाली की पोटाखालचा मागचा पर बघा. नराचा तो निमुळता, काडीसारखा होत जातो, मादीचा तिकोनीच राहतो. शंका आली की नर समजून बाजूला काढा. माद्या एकट्या वाढवा, पुरत्या मोठ्या झाल्या की त्यांच्यात फक्त मोझाइक सोडा. आधी कधीच नर न भेटलेली मादी फार चोखंदळ नसते, आणि बघायला दुसरा नर नाही, आक्काही नाही.

नर पिल्लांत बापाचा रंग बऱ्यापैकी उतरेल. गप्पीच्या रंगाची बरीच जनुकं वाय गुणसूत्रावर असतात, बापाकडून थेट मुलाकडे. हे योहान्स श्मिट यांनी डेन्मार्कमध्ये १९२० सालीच गप्पींवर दाखवलं होतं. शेपटीचा आकार मात्र दोन्हीकडून येतो, तेव्हा विहिरीच्या माद्यांपासून पंखा मिळेल अशी आशा पहिल्या पिढीत धरू नका.

एकच सांगणं: जास्त झालेली पिल्लं आजोळच्या विहिरीत किंवा कृष्णेत सोडू नका. मित्रांना वाटा, दुकानात द्या.

नाल्यावरचा_माणूस

नदीत सोडू नका याला माझंही अनुमोदन. आम्ही सोडायचो ते बंदिस्त पाण्यात. आणि टाकीवाले, पिल्लं वेगळी काढायला जाळी किंवा चहाची गाळणी वापरू नका, शेपट्या फाटतात. वाटी बुडवून पाण्यासकट उचला.

टाकीवाला_मिरज

वाटी घेतली आहे. आक्काच्या पोटावरचा काळा डाग मोठा झालाय, आठवडाभरात विणेल असं दिसतं. पिल्लं कोणाची ते विचारू नका.